चिन्नीचे पाच दिवस

बिभीषण माझ्याशी पहिल्यांदा बोलला ते असं— “मॅडम, तितंच थांबा. जवळ येऊ नका.”

मे महिन्यातली सकाळ होती. सोलापूरचं ऊन नऊलाच डोक्यावर आलेलं. जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवर मी चिन्नीला पोटाशी धरून उभी होते. तीन महिन्यांचं माझं कुत्र्याचं पिल्लू, चिन्नी... आदल्या दिवसापासून ओकत होती, आणि आज तिला रक्ताचे जुलाब झाले होते. आम्ही पूर्व भागातली, यंत्रमागावरची माणसं. माझ्या वडिलांनी, नान्नांनी, तिला कोऱ्या टॉवेलात गुंडाळून दिलं होतं. आणि हा कोण सावळा, उंच तरुण आपलं पिल्लू काखेत घेऊन मागं मागं सरकत मलाच हटकत होता.

“माझं काय चुकलं?” मी विचारलं.

“तुमचं न्हाय हो...” त्याचा आवाज खाली आला. “हा वास मला माहीत हाय. मागल्या साली मंगळवेढ्याला आमच्या कुत्रीची पाच पिल्लं अशीच गेली. पार्वो. लई लवकर पसरतोय. माझ्या राज्याला अजून एकच लस झालीया.”

त्यानंच खिडकीतून डॉक्टरांना हाक मारली. अपेक्षा मॅडम बाहेर आल्या आणि चिन्नीला इतर कुत्र्यांपासून दूर, मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तपासणीत तोच आजार निघाला.

“विषाणू आहे. त्याला मारणारं औषध आपल्याकडं नाही,” त्या म्हणाल्या. “रोज घेऊन या, सलाईन देऊ, उलट्या थांबवू. बाकी तिच्या अंगातल्या ताकदीवर. लस दिली होती?”

मी खाली बघितलं. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी म्हणत माझे चार रविवार गेले होते.

बाहेर आले तर तो रस्त्यापलीकडं, लिंबाच्या सावलीत उभा. तिथूनच म्हणाला, “नंबर सांगतो, लिवून घ्या. कायबी लागलं तर फोन करा.”

“इकडं येऊन सांगा की.”

“यायला आवडलं असतं...” तो राज्याकडं बघत हसला. “पण ह्यो हाय.”

त्याच रात्री मी फोन केला, बोलता बोलता आमची गल्लीही सांगितली. तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. कामावर जायच्या आधी रोज आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल लावायचा, आणि तिथूनच फोन करायचा. मी दारात, तो कोपऱ्यावर. मधे मागांचा खडखडाट.

“दवाखान्यातनं आल्यावर चपला बाहेरच ठिवा. ब्लिचिंगच्या पाण्यानं फरशी पुसा. तिची वाटी गल्लीतल्या कुत्र्यांना चाटू देऊ नका. तिला धरलेल्या हातानं दुसऱ्या कुत्र्याला शिवायचं न्हाय.”

“एवढं सांगायला रोज येता? फोनवर घरूनही सांगता येतं.”

“येतं की.”

“मग?”

“मग... घरनं तुमी दिसत न्हाय.”

मला हसू आलं. लगेच लाजही वाटली— आत चिन्नी पाय पसरून पडली होती आणि मी दारात हसत होते.

तिसऱ्या दिवशी तिनं दोन घोट पाणी चाटलं आणि ते पोटात राहिलं. मी त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं कोपऱ्यावरूनच दोन्ही हात वर केले. त्या दिवशी मला वाटलं, सगळं नीट होणार...

पाचव्या दिवशी सकाळी, दवाखान्यात सलाईन चालू असतानाच, चिन्नी माझ्या मांडीवर गेली. नान्नांनी खोल खड्डा खणून वर चुना टाकला.

“ती गेली,” मी फोनवर म्हणाले.

पलीकडून मोटारसायकलीची किक ऐकू आली.

“तुम्ही येऊ नका,” मीच म्हणाले. “आजार महिनोन् महिने घरात राहतो, डॉक्टर म्हणाल्या. तुमच्या चपलेबरोबरही राज्यापर्यंत जाईल.”

“बरं,” तो म्हणाला.

तो इतक्या सहज ‘बरं’ म्हणाला, ते मला लागलं. दोन दिवस ना फोन, ना तो कोपऱ्यावर.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बिभीषण उंबऱ्यापाशी उभा होता, हातात ब्लिचिंग पावडरची पिशवी. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. डोळे जागरणानं लाल झाले होते.

“राज्या?” मी घाबरून विचारलं.

“बरा हाय. गावाकडं आईपाशी सोडून आलो. पिल्लं गेल्यावर तितलं घर-अंगण सगळं ब्लिचिंगनं धुवून काढलंया. सगळ्या लसी हुईस्तवर तितंच ऱ्हाईल.”

“करमेल तुम्हाला?”

“न्हाय करमत. निघताना लई लांबवर पळत आला...” त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “पण तुमी हितं एकट्या रडत असणार, आणि मी कोपऱ्यावरनं बघायचं— त्ये मला जमंना.”

नान्ना आतून आले. त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “आत या.”

आम्ही दोघांनी मिळून घर धुतलं. तिचं अंथरूण जाळलं, भांडी टाकली, कोपरे पुसले. शेवटी ओल्या फरशीवर बसून मी त्याला ते सांगितलं, जे नान्नांनाही सांगितलं नव्हतं.

“लस मीच लांबवली. माझ्यामुळं गेली ती.”

नाही, असं काही तो म्हणाला नाही.

“व्हय, चुकलं,” तो हळूच म्हणाला. “माझंबी चुकलं हुतं, महेश्वरी. मीबी लस लांबवली, म्हणून पाच पिल्लं गेली. ही चूक आजवर कुणापाशी बोललो न्हाय.”

त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली होती. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मग आम्ही दोघंही रडलो.