कवितेतला चित्रकार

फ्रेमवाल्याच्या दुकानाचं दार अरुंद, आणि चित्रकाराच्या काखेत ओला कॅनव्हास. तो बाहेर पडत होता, ती आत शिरत होती... व्हायचं तेच झालं. तिच्या पांढऱ्या बाहीवर निळ्या रंगाचा हा एवढा पट्टा उमटला!

"अरे देवा— सॉरी!"

"आता खाली सहीही करा," बाही निरखत ती म्हणाली, "विकता तरी येईल."

ती कविता लिहायची. चित्र घडतं कसं, हे तिला शब्दांत पकडायचं होतं. भरपाई म्हणून तिने संध्याकाळी त्याच्या स्टुडिओत बसायची परवानगी पदरात पाडून घेतली.

मग ती खिडकीशी बसून लिहायची, तो रंगवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. तिला यायला जरा उशीर झाला की त्याचा हात चालेनासा व्हायचा. पण कबूल करेल तर शपथ!

एकदा स्टुडिओत आलेल्या त्याच्या ताईने हट्टच धरला, तेव्हा तिने आपली कविता वाचून दाखवली. कवितेतला चित्रकार कोऱ्या कॅनव्हाससमोर शांत उभा होता. दाराशी आलेल्या पाहुण्याला "या ना" म्हणावं, तसं एकेका रंगाला आत बोलावत होता. वाचता वाचता तिचा आवाज इतका मऊ झाला...

"अगं, किती गोड माणूस आहे हा!" ताईने डोळे पुसले.

चित्रकाराला मात्र ते खुपलं. गोड? सकाळपासून त्याने चित्रातलं तेच आभाळ कितीदा खरवडलं होतं, रंगांना शिव्या घातल्या होत्या, ब्रशच्या दांड्याने पाठ खाजवली होती. हा दुसराच कोणीतरी होता! आणि ती त्याच्याविषयी बोलताना अशी काही हसायची की...

दुसऱ्या दिवशी त्याने कॅनव्हाससमोर हात मागे बांधून गंभीर चेहऱ्याने उभं राहून पाहिलं.

"काय रे, मान अवघडली का?" तिने विचारलं.

झालं, तो भडकलाच. "त्याची नाही ना अवघडत कधी! त्याचं काही चुकत नाही, त्याला घाम येत नाही. तुला तोच आवडतो!"

"कोण तो?"

"तुझ्या कवितेतला!"

ती खळखळून हसणार होती. पण त्याचे डोळे पाहून थांबली.

"आवडत होता," ती हळूच म्हणाली. "तुला नीट ओळखत नव्हते, तोवर. आता तू खरवडायला लागलास की माझाच जीव कासावीस होतो. लेखणी नुसती हातात राहते... गेले कित्येक दिवस एक ओळ सुचलेली नाही. आणि जळण्याचं म्हणशील, तर तू त्या कोपऱ्यातल्या पिवळ्याकडे ज्या नजरेने बघतोस ना... मला त्या रंगाचासुद्धा राग येतो!"

ब्रशवरचा रंग टपकन बुटावर पडला, त्याला पत्ताच नव्हता.

"मग... येत जा. लिहू नकोस. नुसती बस."

"आणि ती कविता? अर्धीच आहे."

"राहू दे अर्धी," तो पुटपुटला. "तो माणूस मला आपल्या घरात नकोय."

"आपल्या...?"

त्याचे कान लालबुंद झाले. पण या वेळी त्याने आपले शब्द खरवडले नाहीत.