खिडकीचा मास्क

"जेवणाच्या आधी गोळी," असं बाबांना सांगायचं घोकतच मी औषधांच्या दुकानातून निघाले, आणि पायरीवरच थबकले. काउंटरवरचा नक्की "आधी" म्हणाला, की "अर्धी"?

माझ्या दोन्ही कानांत मशीन असतं. त्यातून सुटलेलं मी समोरच्याच्या ओठांवरून वाचते. साथ आली, सगळ्यांनी तोंडं झाकली आणि माझं वाचणंच बंद पडलं. मास्कमधून आवाज येतो, पण शब्दांच्या कडा झिजून.

मी परत फिरले. "मला कमी ऐकू येतं. गोळी कशी द्यायची ते लिहून द्या. रक्तदाबाची आहे, अंदाजानं नाही द्यायची मला."

त्यानं पाकिटावर ठळक लिहिलं – अर्धी. जेवणानंतर.

"मी तर 'आधी' ऐकलं होतं," मी म्हणाले. त्याचे डोळे क्षणभर घाबरले.

तेव्हापासून मी दिसले, की तो वही घेऊनच पुढे यायचा. बाबा कसे आहेत? गोळी मानवतेय ना? मग एकदा लिहिलं – औषध तर अजून आठवडाभर पुरेल... मग आज?

"तुमचं अक्षर बघायला आले," मी म्हणाले.

त्याचे कान लाल झाले. डोळ्यांखेरीज मास्कबाहेर तेवढेच तर होते!

मी शिवणकाम करते. पुढच्या खेपेला त्याच्यासाठी मास्क शिवून नेला. मधोमध पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, वाफ धरू नये म्हणून आतून साबणाचं बोट फिरवलेलं.

तो आत जाऊन घालून आला. हसला. हसू जरा डावीकडे कलणारं... मी बघतच राहिले.

"कळतंय?" त्यानं विचारलं.

"सगळं."

तो गोळ्या काढायला वळला आणि दुकानात मदतीला असणाऱ्या मावशींच्या कानाशी पुटपुटला. आवाज माझ्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. वाकताना मास्कची खिडकी मात्र माझ्याकडे वळली होती.

'मावशी, हिला फिरायला येतेस का विचारायचंय... पण नाही म्हणाली तर?'

"नाही म्हणणार नाही," मी म्हणाले.

त्याच्या हातातलं पाकीट खाली पडलं. मावशींना एकदम खोकला आला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.

"तुम्ही... वाचलंत?"

"वाचलं. पण असं चोरून नको. माझ्याकडे बघून विचारा. सावकाश."

काउंटरची फळी उचलून तो बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करत त्यानं विचारलं.

पहिल्याच वेळी मला सगळं कळलं होतं. तरी मी त्याला पुन्हा विचारायला लावलं.