अकरा सेकंदांची होडी

शेकायला वापरतात ती रबरी पिशवी. अर्धी भरलेली, पण पाणी गार.

वेताची खुर्ची. पाठीला चिकटवलेली चिठ्ठी: ‘बसलात तर याद राखा.’

दारावरचा कागद: ‘आत काम चालू. शिंका बाहेर देऊन येणे.’

सोळा हजार.

चार ओळींचं पत्र. चौथी ओळ: ‘तोपर्यंत आपले नाव छापता येणार नाही.’

कुणीतरी श्वास घेतला, आणि तो मधेच कापला गेला.

*

यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं ताईला बुधवारी सकाळीच ठाऊक झालं होतं. शेवटचं धाकटीनं शोधलं, पण त्याला अजून वेळ आहे.

सुटीत तिघंही मावशीकडे आली होती. ताई तेरा वर्षांची. तिच्या पाठचा भाऊ जिन्याच्या पायऱ्यांपासून ताटातल्या वाटाण्यांपर्यंत दिसेल ते मोजायचा, म्हणून त्याला घरात सगळे गणित्या म्हणत. आणि दहा वर्षांची धाकटी. तिला सगळं सगळ्यांत शेवटी मिळायचं, आणि त्याबद्दलची तक्रार मात्र तिची सगळ्यांत आधी असायची.

मावशी आवाज बनवायची. ऐकायच्या गोष्टी असतात ना, त्यांच्यासाठी. तिच्या जंगलातला वणवा म्हणजे चुरगाळलेले चांदीचे कागद. तिचं घुबड उडायचं ते चामडी हातमोजे फडफडवून. आणि होडी? वेताच्या खुर्चीवर हळूहळू डुलायचं, मांडीवर ती रबरी पिशवी कलती करत राहायचं. खुर्ची करकरते, पाणी डुबुक डुबुक करतं. डोळे मिटले की माणूस होडीत.

पत्र प्रकाशकबाईंचं होतं. मावशीच्या बत्तीस गोष्टींचा संच निघणार होता आणि त्यावर पहिल्यांदाच तिचं नाव येणार होतं: ‘ध्वनी’, आणि पुढे ती. पण बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक आवाज एक यंत्र तपासतं, आधी कुणाच्या मालकीचा म्हणून नोंदलेला आहे का ते. यंत्राला होडी सापडली. एका ऑनलाइन आवाजसंग्रहात तोच आवाज विकायला होता. खाली लिहिलं होतं: ‘जुनी होडी, बंदर, रात्र. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण.’ वर्ष सहा वर्षांपूर्वीचं. मावशीची गोष्ट चार वर्षांपूर्वीची.

म्हणजे कागदोपत्री चोर कोण, तर मावशी. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत खुलासा करायचा होता. नाहीतर संच निघणार, पण होडी काढून आणि मावशीचं नाव गाळून.

गणित्यानं विचारलं की मूळ फाइल कुठे आहे. ती जुन्या संगणकात होती आणि तो संगणक गेल्या वर्षी जळाला होता. मग ताईनं विचारलं की आपण फोन करून खरं काय ते सांगून टाकलं तर. मावशी म्हणाली, तो संग्रहवाला माणूसही फोन करून खरं काय ते सांगेल, त्याचं खरं.

मग ती कुणालाही न रागावता त्याच खुर्चीवर बसली. खुर्ची करकरली. होडीच आली होती खोलीत.

“चित्राखाली सही करता येते गं,” मावशी म्हणाली. “आवाजाखाली काय करायचं?”

*

संग्रहाच्या पानावर नमुना फुकट ऐकता येत होता. संग्रहात म्हणे सोळा हजार आवाज होते, त्यामुळे गणित्यानं मालकाचं नाव लगेच ‘सोळा हजार काका’ ठेवलं.

हेडफोन एकच होता. आधी ताई, मग गणित्या. गणित्यानं वहीत रकाने पाडले आणि चौदा वेळा ऐकून लिहिलं:

सेकंद १: करकर. २: करकर, पाणी. ३: पाणी. ४: मोठी करकर. ५, ६: पाणी. ७: काहीतरी टकटक (मावशीची बांगडी?). ८, ९: पाणी. १०: करकर. ११: संपलं.

बांगडी की नाही यावरून दोघांचं वाजलं. मावशी म्हणाली, ती खुर्चीची खिळा निघालेली पट्टी आहे, आणि असली पट्टी होडीतही असू शकते. झालं. रकाने फुकट गेले.

मग हेडफोन धाकटीकडे आला. ती पलंगावर पालथी पडून, डोळे मिटून ऐकत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं एक कान मोकळा केला.

“होडीत कुणीतरी आहे.”

“भूत असेल,” गणित्या म्हणाला. “तिकीट काढलंय का विचार.”

“हसू नकोस. शेवटी ऐक. कुणीतरी बोलणार होतं आणि बोललंच नाही.”

ताईनं आवाज पूर्ण मोठा केला. दहावा सेकंद, करकर. अकरावा: अगदी बारीक, एक ‘हं’ आत ओढल्यासारखा. आणि तिथेच कापलेला. पाण्याचा नव्हता तो. माणसाचा होता.

मावशी दारात उभी होती. तिनं हेडफोन मागून घेतला, एकदाच ऐकलं आणि सावकाश खाली बसली.

गोष्ट ध्वनिमुद्रित झाली की बहुतेक जण वाचणाऱ्याचे श्वास पुसून टाकतात. तसं ऐकायला गुळगुळीत लागतं. मावशी मात्र कधीच पुसत नसे. श्वास काढला की गोष्ट सांगणारं माणूस उठून गेल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची, आणि त्यावरून तिला बरीच बोलणीही बसली होती.

ताईनं मूळ गोष्ट लावली. ‘...आणि होडी निघाली.’ करकर, पाणी, अकरा सेकंद. मग एक पूर्ण, सावकाश घेतलेला श्वास, आणि पुढचं वाक्य: ‘उजाडेपर्यंत कुणी बोललं नाही.’

कुणीतरी गोष्टीतून होडी कापून घेतली होती. पण कात्री वाक्याआधी लागण्याऐवजी श्वासाच्या मध्यात लागली होती.

गणित्या उलटी बाजू मांडण्यात पटाईत होता. सोळा हजार काका म्हणतील, तुम्हीच आमची होडी उचलली आणि पुढे वाक्य चिकटवलं.

“म्हणू देत,” ताई म्हणाली. “अर्धा श्वास त्यांच्याकडे, सबंध आपल्याकडे. अर्ध्यातून सबंध कसा करणार? आणि त्यांच्या बंदरात रात्री श्वास कोण घेत होतं?”

कोण, हे ठरवायला लांब जावं लागलं नाही. मावशीच्या गोष्टी समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका वाचायच्या. तिघं तिकडे गेली. त्यांनी चष्मा लावून ऐकलं, जणू आवाजही वाचायचा असतो.

“माझाच,” त्या म्हणाल्या. “चौतीस वर्षं वर्गावर ओरडायच्या आधी हाच घेत होते. माझी पोरं इथेच गप्प व्हायची, पुढचं ओरडावं लागायचं नाही.”

*

शुक्रवार, सकाळचे अकरा. प्रकाशकबाईंची खोली: पुठ्ठ्याचे खोके, भिंतीवर छपाईचे नमुने, टेबलावर दोन स्पीकर. त्यांनी बोलावल्यावरून सोळा हजार काका स्वतः आले होते. माणूस हसरा. त्यांनी मुलांनाही आपलं कार्ड दिलं, धाकटीला दोन.

ताईनं जिन्यातच बजावलं होतं की श्वासाबद्दल आधी चकार शब्द काढायचा नाही. सुरुवात धाकटी करणार होती, कारण तिला कुणी घाबरत नाही.

धाकटीनं विचारलं की होडीचा आवाज त्यांनी स्वतः घेतला का. काकांनी कौतुकानं सांगितलं, आमच्या लोकांनी घेतला, बंदरात, रात्रभर थांबून. थंडी किती होती तेही सांगितलं.

“मग मला मोठा द्या ना. शाळेच्या नाटकाला पाच मिनिटं होडी हवीय.”

काकांनी लॅपटॉप उघडला. शोधलं. पुन्हा शोधलं. तेवढाच आहे, म्हणाले, पण तो पुन्हा पुन्हा जोडून लांब करून देता येईल.

“रात्रभर थांबलात आणि अकराच सेकंद?” गणित्या म्हणाला. “बाकीची रात्र कुठे गेली?”

प्रकाशकबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

काका अजून हसत होते, पण आता एकाच गालानं. होडी ती होडी, ते म्हणाले, सगळ्या अशाच करकरतात. आवाज हवेत असतो, हवेचा कुणी मालक असतो का?

ताईनं स्पीकरला फोन जोडला. आधी त्यांची होडी. अकराव्या सेकंदाला अर्धा श्वास. मग गोष्ट: तीच होडी, सबंध श्वास, आणि मग वाक्य. प्रकाशकबाईंनी खूण केली, पुन्हा. ताईनं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा काकांनी मागितलं आणि या वेळी डोळे मिटून ऐकलं. हा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते, हे सगळ्यांनाच दिसलं.

मग ते सांगू लागले. सोळा हजार आवाज त्यांनी कुणाकडून तरी गठ्ठ्यानं घेतले होते. ‘प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण’ हे त्यांनी सरसकट सगळ्यांखाली टाकलं, कारण तसं चांगलं दिसतं. बंदरसुद्धा त्यांनीच घातलं होतं.

“आणि वर्ष?” प्रकाशकबाईंनी विचारलं.

“तो रकाना रिकामा सोडता येत नव्हता.”

आता मावशी बोलली, पण आवाज न चढवता. “माझे सहा महिने गेले त्या अकरा सेकंदांत. तीन खुर्च्या बदलल्या. तुम्ही एकदा ऐकलं असतंत, तरी चाललं असतं.”

काकांनी मान खाली घातली. दावा मागे घेतल्याचं पत्र त्यांनी तिथेच लिहिलं. बाराला दहा कमी होते तेव्हा सही झाली. प्रकाशकबाईंनी नावाचं पान मावशीपुढे ठेवलं, एकदा डोळ्यांखालून घाल म्हणाल्या. मुलांकडे वळून त्या म्हणाल्या की वीस वर्षं हे काम करतेय, पण असं ऐकणारे कान पाहिले नव्हते. हे सांगताना त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांत आधी. निघताना काकांनी मावशीला विचारलं, उरलेल्या आवाजांचं काय करू? ऐका, ती म्हणाली.

परतताना धाकटी सारखी विचारत होती, त्या सगळ्यांत कुणी ना कुणी असेल का.

“पंधरा हजार नऊशे नव्व्याण्णव,” गणित्या म्हणाला. बराच वेळ तो पुढे काहीच मोजत नव्हता. मग त्यानं ताईला हळूच सांगितलं की शाळेच्या भित्तिपत्रकावरचं वाघाचं चित्र त्यानं नेटवरून उचललं होतं. खाली नाव त्याचं होतं. चित्र कुणाचं, हे त्यानं पाहिलंही नव्हतं.

“शोधू आपण,” ताई म्हणाली. त्या संध्याकाळी तिघं त्याच कामाला बसली.

होडीचा तो आवाज बनवला, त्या दिवसापर्यंत मावशीनं समुद्र पाहिलेला नव्हता.