बटणं लावलेले शर्ट

दोरीवर शर्ट वाळत होते आणि प्रत्येकाची सगळी बटणं लावलेली होती, फक्त गळ्याजवळचं तेवढं सोडून. योगिनी थांबली. तिने एक काज बोटाने चाचपलं. कापड धुऊन धुऊन विरलं होतं, पण काजाचा धागा कोरा आणि ताठ होता. म्हणजे हे बटण फारसं कधी काढलंच गेलं नव्हतं.

शेणवे गावाजवळच्या या निवासात बौद्धिक अपंगत्व असलेली मोठी माणसं राहत. योगिनी रसायनशास्त्र शिकलेली, आता सरकारी तपासणी अधिकारी. ठरलेल्या तपासणीसाठी ती आली तेव्हा फाटकात पोलिसांची जीप उभी होती, आत व्यवस्थापकांची एकच गाडी. धाकलू नावाचा रहिवासी काल सकाळपासून बेपत्ता होता.

"शर्ट सापडला त्याचा," हवालदार कुंडलिकने पिशवी पुढे केली. "भातसानगरच्या अलीकडं, धरणाच्या काठाला. पोहणारे उतरवलेत पाण्यात."

पिशवीत चौकटीचा शर्ट होता. घडी घातलेला, सगळी बटणं काढलेली.

"असाच मिळाला?"

"असाच. दगडावर. आमी नुसता उचलला."

धाकलूची बहीण अनिता व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. तिच्याकडे पाहवत नव्हतं.

"धाकलूला बटणं काढता येतात?" योगिनीने विचारलं.

"नाय. उजवा हात जल्मापासून वाकडा त्याचा. लहानपणी मीच लावायची, मीच काढायची."

"शेवटचं कधी भेटलात?"

"दिवाळीला. पुढच्या दिवाळीला घरी नेते, असं सांगून गेले." ती खाली बघत राहिली. "दर दिवाळीला तेच सांगते."

"नेलं का नाही?"

"पोरीचं लगीन ठरतंय. मालक बोलले, आधी ते होऊं दे. मला भाऊ हाय, हे सोयऱ्यांना आमी सांगितलंच नाय."

योगिनीने पिशवी कुंडलिककडे परत दिली. ती आत गेली.

धाकलूची खाट खिडकीजवळ होती. चपला खाटेखालीच होत्या. चादरीवर पायांच्या बाजूला पिवळसर डाग वाळून कडक झाले होते. तिने वाकून वास घेतला. भाजल्यावर लावायचं मलम.

सेविका वर्षा दारात उभी होती.

"आंघोळ कोण घालतं यांना?"

"मीच."

"सगळ्यांना? एकटी?"

"दुसरी बाई सोडून गेली. सर म्हनतात, बघू."

"शर्ट कसे घालता?"

"डोक्यातून. बटनं कोन लावत बसतंय, मॅडम? एकाची लावीस्तवर दुसरा उघडाच पळतोय अंगणात." ती हसली.

"काढतानाही?"

"तसाच. धुतेय बी तसाच."

"धाकलूच्या पायांना काय झालं?"

वर्षाने हात पदराखाली घेतले. "परवा आंघोळीच्या गर्दीत गार पानी मिसळायचं राहिलं. कढत पानी तसंच ओतलं गेलं. दोनी पायांवर."

"मग?"

"सरांना लगेच सांगितलं. सर बोलले, मलम लाव, तपासनी होऊं दे, मग दवाखाना बघू. पाय टेकवत नव्हता त्याला. रडत होता." तिने डाग पडलेली चादर ओढून सरळ केली. "काल सकाळी पाड्यावरनं चालत आले तर खाट रिकामी. सर बोलले, पळाला. मी काय बोलनार? पानी मीच ओतलेलं."

"बघा मॅडम," मागोमाग आत आलेला कुंडलिक पुटपुटला, "हिनंच लपवलंय सगळं."

"लपवलं आहे," योगिनी म्हणाली. "सगळं नाही."

निवासाचे व्यवस्थापक हरेश ऑफिसात होते. त्यांनी खुर्ची पुढे केली. "काय करणार, मॅडम? या लोकांना पाण्याची ओढ असते. दार जरा उघडं राहिलं की संपलं."

"तुम्ही इथे कधी कुणाला आंघोळ घातलीत? कपडे घातलेत?"

"ते काम माझं नाही."

"बरोबर," योगिनी म्हणाली. तिने कुंडलिक आणि अनिताला आत बोलावलं. वर्षा दाराशी थांबली.

"धाकलूचे दोन्ही पाय भाजले होते. चपला इथेच आहेत. धरणापर्यंत तो चालत जाणं शक्य नाही, म्हणजे त्याला गाडीने नेलं. वर्षा पाड्यावरून पायी येते. निवासात गाडी एकच आहे, हरेशरावांची."

"गाडी असणं गुन्हा आहे का?" हरेश म्हणाले.

"नाही. आता शर्ट बघा. धाकलू बटणं काढू शकत नाही, म्हणजे तो दुसऱ्या कुणीतरी उतरवला. वर्षाने उतरवला असता तर डोक्यातून ओढला असता, आणि बटणं लावलेलीच राहिली असती. दोरीवर बघा, सगळे तसेच आहेत. पण हा तुमच्या-आमच्या घरी काढतात तसा काढलाय, एकेक बटण सोडवून. इथल्या माणसांना कपडे कसे चढवले जातात हे ज्याने कधी पाहिलेलंच नाही, त्याने. असा माणूस इथे एकच आहे, आणि ते काम आपलं नाही असं त्याने आताच सांगितलं."

हरेशरावांनी टेबलावरचा पेला सरकवला. पुन्हा जागेवर ठेवला.

"पाण्यात नाही टाकला मी त्याला," ते म्हणाले. "मुरबाडच्या एसटी स्टँडवर बसवला. नवा शर्ट घालून, जुना धरणाच्या काठावर ठेवून. गर्दी असते, कुणीतरी बघेल म्हटलं. ते पाय तपासणीत दिसले असते तर निवास बंद झाला असता. बाकीचे कुठे गेले असते?"

"आणि बहिणीला बुडाला म्हणून सांगणार होता?"

हरेशरावांनी प्रथमच अनिताकडे पाहिलं. "त्या तरी त्याला कुठे नेणार होत्या?"



कुंडलिकने मुरबाडला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडचा पोलीस सांगत होता, "हां, आहे एक माणूस. पाय भाजलेत. फळवाल्या बाईनं काल सरकारी दवाखान्यात पोचवला. नाव नाय सांगता येत त्याला. नुसतं 'अनी, अनी' करतोय."

अनिताने तोंडावर पदर घेतला.

कुंडलिकने हरेशरावांना जीपकडे नेलं. कुणी न सांगता वर्षाही मागोमाग निघाली. "मी पन जबाब देते," ती म्हणाली. "माझ्या हातून झालं ते सांगते."

अनिताचा फोन वाजला. तिचा नवरा भरत होता.

"गावला. जिता हाय," ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. योगिनी बाहेर जाऊ लागली, तशी अनिताने हाताने तिला थांबवलं.

"नाय. परत इथं नाय ठेवायचा. दुसरीकडं पन नाय." तिने पदर खाली केला. "लगीन मोडलं तर मोडू दे. सोयऱ्यांना तुमी फोन करा, नायतर मी करते. सांगा, पोरीचा मामा हाय, आन आजपासून तो आपल्या घरी राहनार."