ढगाळ दिवसाचे बुडबुडे

मोखाड्याहून पोशेऱ्याला निघालेली जीप इतकी भरली होती, की श्वाससुद्धा आळीपाळीने घ्यावा लागत होता. पोशेऱ्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या जयवंतीबाई कशाबशा आत शिरल्या, आणि शेजारच्या तरुणाच्या, सुदर्शनच्या, मांडीवरची पेटी त्यांना टोचली.

“बांगड्या विकता का?”

“काचेच्या नळ्या आहेत... पोशेऱ्याच्या शाळेत प्रयोग दाखवायला चाललोय. झाडाचं पान उन्हात जे करतं, त्याची नक्कल करणारी पावडर आहे. पाण्यात घालून उन्हात धरली, की हायड्रोजन सुटतो. जळणारा वायू.”

“आणि ऊन नसलं तर?”

“तुम्ही हसा. भागेल.”

बाई घाट संपेपर्यंत बाहेरच बघत राहिल्या. कान मात्र आतच होता.

दुसऱ्या दिवशी ढग इतके खाली उतरले, की कोंबड्याला आरवायला मान ढगातून बाहेर काढावी लागली. बाईंनी अख्खा पाडा बोलावलेला... आणि नळीत एक बुडबुडा येईना. सुदर्शनने पाठ वळवली, खिशातली पित्तावरची पुडी नळीत ओतली. फस्स! टाळ्याच टाळ्या.

बाईंचे वडील, मंगळूबाबा, पुढे आले. “नवा भात देवाला दाखवल्याबिगर आम्ही खात नाय. औंदा तो ह्या नव्या आगीवरच शिजवू.”

बाईंनी सुदर्शनकडे इतक्या कौतुकानं पाहिलं, की त्याचे कान तापले. त्यांच्यावरच भात शिजला असता.

संध्याकाळी बाई हातपंपावर नळ्या धूत होत्या.

“बाई... ते बुडबुडे खोटे होते. पेटती काडी धरली असती, तर वायू पेटायच्या ऐवजी काडीच विझली असती. पित्ताची पुडी होती ती.”

बाईंचा हात थांबला. “बाबा देवाला सांगून आलेत.”

“तुमच्यासमोर रिकाम्या हातानं उभं राहायला... लाज वाटली.”

“आणि आता?”

“आता जास्त वाटते.”

“मग उद्या हेच पाड्यासमोर सांगा.”

“हसतील सगळे.”

“हसू द्या. खोट्या आगीवर देवाचा भात नको.”

सकाळी त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. मंगळूबाबांनी भाताचं मडकं उचलून चुलीवर ठेवलं.

“देवाला मी समजावतो,” ते म्हणाले. “पोरीचं तू बघ.”

सुदर्शनला वर बघवेना. शेजारी बांगड्या वाजल्या. बाईंनी नळी त्याच्या हातात दिली.

“सरळ धरा... ढग हटेपर्यंत मी आहे इथंच.”

त्या वर्षी ढग दिवाळीपर्यंत हटले नाहीत. दोघांपैकी कुणी तक्रार केली नाही.