चौथा पडसाद

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी गुणवंत गिटारसाठी पेडल बघायला म्हणून सायकलवरून बाहेर पडला. साल दोन हजार पाच. काम साधंच, तासाभराचं. पण माणसाचा घात अशा साध्या कामांतच होतो. वाघ-सिंह कुणाच्या वाटेला जातात हो?

गुणवंत मूळचा चिंचवडचा, सॉफ्टवेअरवाला. नागोयात एका मोटार कंपनीच्या प्रोजेक्टवर तीन वर्षांपूर्वी आला, तेव्हा बरोबर बायको वैभवी आणि दोन वर्षांची नेत्रा. आता नेत्रा पाच वर्षांची झाली होती आणि बालवाडीतून अस्खलित जपानी बोलत घरी येत होती. मराठी कळायचं सगळं, पण तोंडातून एक शब्द निघेल तर शपथ. बापाने मराठीत विचारावं, लेकीने जपानीत उत्तर द्यावं. रविवारी चिंचवडला आजीला फोन लावला की ही रिसीव्हर कानाला लावून मख्ख उभी. तिकडे आजी "बोल गं माझी बाय" करून करून थकायची आणि शेवटी म्हणायची, "राहू दे रे, नको छळूस तिला." तो थकलेला आवाज ऐकला की गुणवंतच्या मनात यायचं, आपली पोर आपल्याच आईला परकी होत चालली, आणि आपण इथे बसून ओव्हरटाइम मोजतोय!

एकच धागा उरला होता. गुणवंत लहान असताना आईने स्वतः जुळवलेली अंगाई. तो ती गिटारवर वाजवायचा, सोबत हळू म्हणायचा.

निजलं दार, निजला उंबरा, निजली चूल विझून
अजून कोण गं जागं राहिलं, येऊन जा निजून

नेत्रा ऐकताना ओठ हलवायची, आवाज मात्र नाही. पण मागच्या महिन्यात तो तिला घेऊन मोरी-सानच्या दुकानात गेला होता. जुन्या गिटारींचं ते चिंचोळं दुकान. मोरी-साननी सहज गिटार आणि अँपच्या, म्हणजे तिच्या स्पीकरच्या, मधे एक डीले पेडल जोडून दिलं. गुणवंतने अंगाई वाजवली, प्रत्येक सुराचे पडसाद मागून येऊ लागले, आणि नेत्रा चक्क अर्धी ओळ गुणगुणली. मराठीत! तेव्हापासून गुणवंतच्या डोक्यात ते पेडल बसलं होतं.

त्या शनिवारी मोरी-साननी तीन पेडलं समोर मांडली. मुठीएवढ्या लोखंडी डब्या, पायाने दाबायच्या. पहिलीचा पडसाद इतका स्वच्छ की ऐकून काहीच वाटेना. दुसरीचा सूर दरवेळी थोडा मळत जायचा, ते बरं होतं, पण मागे खरखर. तिसरी गोड, पण फार लवकर विझायची. गुणवंत दीड तास खाली-वर करत बसला. मोरी-सान साठीचे, हातमोजे घालून गिटार पुसणारे गृहस्थ. ते म्हणाले, "घाई नको. लोक पहिला पडसाद ऐकून निवडतात. तुम्ही शेवटचा ऐका. तो कसा जातो ते बघा. मग पुढच्या शनिवारी या."

पुढच्या शनिवारपर्यंत थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती.

गुणवंतच्या इमारतीच्या अलीकडे एक तिठा होता. एका बाजूला बसथांबा, दुसऱ्या बाजूला कचरा ठेवायची जागा. महिन्यातून एकदा तिथे लोक मोठा कचरा ठेवायचे, सोदाई गोमी. चालू टीव्ही, धड खुर्च्या, भात शिजवायची भांडी, प्रत्येकावर पालिकेचं विकतचं स्टिकर. नव्याने आलेल्या आपल्या पोरांचे अर्धे संसार त्यावरच उभे. गुणवंतचाही टीव्ही तिथलाच, सायकलही तिथलीच. फुकट ते पौष्टिक!

त्या दिवशी तिथे मोठा कचरा मांडलेला होता, आणि तिथून चार पावलांवर, रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याच्या पायाशी, पारदर्शक पिशवीत गुंडाळलेलं एक डीले पेडल. निळं. शेजारी दुधाच्या चहाचा न उघडलेला कॅन आणि काही सुकलेल्या काड्या. पेडलवर स्टिकर नव्हतं. कुणीतरी स्टिकरचे पैसे वाचवले, म्हणून गुणवंत हसलासुद्धा. उचललं तर हलकं लागलं, मोरी-सानच्या पेडलांपेक्षा बरंच हलकं. जपानी माल, असाच असणार, म्हणून त्याने ते खिशात घातलं.

आता बघा, चिंचवडला हाच गुणवंत तिठ्यावरचं लिंबू ओलांडायचा नाही. उतारा दिसला की लांबून वळसा घालायचा, आईने पाचव्या वर्षीच कान पिळून शिकवलेलं. पण परदेशातला उतारा ओळखायला कोण शिकवणार?

घरी येऊन त्याने जोडणी केली. लाल दिवा लागला. पेडलच्या तिन्ही खुंट्यांवर कुणीतरी गुलाबी नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, कुठवर फिरवायचं त्याची खूण. त्याने खुंट्या ठिपक्यांवर आणल्या आणि एकच तार छेडली.

अहाहा! काय सांगावं. दीड तास दुकानात शोधत होता तो सूर हाच. तीन पडसाद आले, एकापेक्षा एक लांबचे. आणि मग, सगळं विझलं असं वाटत असतानाच, चौथा.

चौथा लांबचा नव्हता. जवळचा होता. आणि त्यात किंचित कंप होता, कुणी तारेवर बोट हलवावं तसा. गुणवंतने बोट हलवलं नव्हतं.

"मोऽ इक्काइ," नेत्रा अँपपाशी येऊन बसली. अजून एकदा.

त्याने अंगाई वाजवली आणि नेत्रा गायली. पहिली ओळ, अख्खी! गुणवंतचे डोळे भरून आले. त्या आनंदात चौथ्या पडसादाचा विचार कोण करतो?

वैभवी एका जेवणाचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायची. सहाला घरी यायची. गुणवंतची तेव्हा सकाळची पाळी, चारपर्यंत घरी; तोवरची तिन्हीसांज बापलेकीची. रोज गिटार, रोज अंगाई. तिसऱ्या दिवशी गुणवंतच्या लक्षात आलं, की रात्री आपण खुंट्या शून्यावर आणून ठेवतो आणि सकाळी त्या पुन्हा गुलाबी ठिपक्यांवर असतात. नेत्राने फिरवल्या असतील. चौथ्या दिवशी खोलीत ओल्या कपड्यांसारखा वास येऊ लागला. पाचव्या दिवशी नेत्रा अँपच्या जाळीला कान लावून कुजबुजताना दिसली.

"कुणाशी बोलतेस गं?"

"ओनेचान," ती म्हणाली. ताईशी.

"कोण ताई?"

नेत्राने अँपकडे बोट दाखवलं. मग जपानीत हळूच म्हणाली, "तिला गाणं आवडलं. त्यात तिला बोलावलंय ना."

गुणवंतने ओळ मनात म्हणून पाहिली. अजून कोण गं जागं राहिलं, येऊन जा निजून. त्या रात्री त्याने वैभवीला सगळं सांगितलं.

"टाकून ये ते, आत्ताच्या आत्ता," वैभवी म्हणाली. "कुणाचं आहे, कुठलं आहे, काही माहीत नाही. आणि वास मलाही येतोय, गुणवंत. मला वाटलं माझ्याच कपड्यांना येतोय."

"ती गायला लागलीये गं. मराठीत. रविवारी आईला एकदा ऐकवू दे, मग टाकतो."

"एक रविवार हं. मग नाही."

हे त्याचं चुकलंच. लोभ सगळ्यांना असतो, पण कळूनही उजवा हात आगीत घालणारा शहाणा विरळा.

शनिवार उजाडला. वैभवी कामावर. साडेचारलाच अंधारून आलं, बाहेर बारीक पाऊस. गुणवंत स्वयंपाकघरात चहा टाकत होता. खोलीतून गिटार ऐकू आली. अंगाईची दुसरी ओळ, संथ, तो कंप घेत. नेत्रा तारांशी खेळतेय, असं त्याच्या मनात आलं. मग लक्षात आलं की पाच वर्षांच्या बोटांना हे येणार नाही.

तो खोलीत धावला. गिटार भिंतीला टेकवलेली, तारा स्थिर. गिटारची वायर जमिनीवर मोकळी पडलेली, तिच्या टोकाला काहीच जोडलेलं नाही. पेडल जागेवर नव्हतं. अँपमधून मात्र सूर येतच होते... येऊन जा... येऊन जा... आणि बाहेरचं दार सताड उघडं.

"नेत्रा!"

अनवाणी धावला बिचारा. जिना, पाऊस, तिठा. नेत्रा कठड्याच्या पलीकडे रस्त्यावर उभी होती, दोन्ही हातांत पेडल छातीशी धरून. एक हात मधेच सोडून ती तो बाजूला उंच धरत होती, मोठ्या माणसाचा हात धरावा तसा. वळणावरून ट्रकचे दिवे आले. गुणवंतने कठड्यावरून झेप घेतली, पोरीला कमरेत धरून मागे ओढलं. ट्रक हॉर्न देत गेला. चिखलाचं पाणी दोघांच्या तोंडावर उडालं.

कठड्याच्या पायाशी एक बाई गुडघ्यांवर बसली होती. पन्नाशीची. हातात ताजी फुलं आणि दुधाच्या चहाचा नवा कॅन. तिची नजर नेत्राच्या हातातल्या पेडलवर खिळली होती.

तेव्हा कुठे गुणवंतला कळलं. सुकलेल्या काड्या म्हणजे फुलं. न उघडलेला कॅन म्हणजे नैवेद्य. तिठ्यावरचा उतारा आपण खिशात घालून घरी नेला होता. भर पावसात तो त्या बाईपुढे कपाळ टेकवून बसला आणि मोडक्यातोडक्या जपानीत सांगत राहिला. कचरा समजलो. माफ करा. माफ करा.

बाई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"माझी हारुका," ती म्हणाली. "सतरा वर्षांची. गिटारच्या सरावाहून येताना इथेच बसची वाट बघायची. या वेळेला एकटं थांबायची भीती वाटायची तिला..."

"मी हे वाजवलं," गुणवंत म्हणाला. "रोज वाजवलं. मला क्षमा करा."

बाईने मान वर केली. "वाजवलं?"

"हो..."

नेत्राच्या हातातून तिने पेडल अलगद घेतलं, उलटं केलं आणि नखाने खालचं झाकण सरकवलं. आत काहीही नव्हतं. वायर नाही, बटण नाही, काही नाही. रिकामी डबी. तळाशी फक्त विद्यार्थ्यांचा एक बसपास, पाण्याने सुरकुतलेला.

"आतलं सगळं इथल्या अपघातात जळलं," बाई म्हणाली. "हारुकाच्या वडिलांनी ते तिच्या अस्थींबरोबर ठेवलं. हे नुसतं कवच आहे."

गुणवंतच्या डोळ्यांसमोर तो लाल दिवा आला. रोज पेटणारा.

त्यांनी तिघांनी मिळून पेडल कठड्याशी ठेवलं, चहा ठेवला, फुलं ठेवली. गुणवंतने हात जोडले आणि मनातल्या मनात मराठीत म्हटलं, बाळ, आता इथेच राहा, तुझी आई येते तुझ्याकडे. घरी आल्यावर अँप बंद होतं. वासही गेला होता. वैभवीने सगळं ऐकलं आणि लेकीला पोटाशी धरून ढसाढसा रडली. नवऱ्याशी ती रात्रभर एक शब्द बोलली नाही, आणि तेही योग्यच केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी गुणवंतने कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून चिंचवडला फोन लावला. नेत्रा आपणहून पुढे आली, रिसीव्हर घेतला आणि स्पष्ट मराठीत म्हणाली, "आजी, मी नेत्रा. मी गाणं म्हणू?"

आणि म्हणाली! दोन्ही ओळी. वैभवीने तोंडावर पदरासारखी ओढणी धरली. गुणवंतला वाटलं, सुटलो. झालं ते झालं, पण पोर हाती लागली. नेत्राने त्याच्या हातात रिसीव्हर दिला आणि टेबलापाशी जाऊन दूध प्यायला बसली.

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं रे, ऐकलं!" आईचा आवाज रडवेला झाला होता. "जीव निवला बघ. दोघी किती गोड म्हणाल्या."

"दोघी?"

"ती थोरली मुलगी कोणाची रे? शेजारची का? गळा छान आहे, जरा कापतो एवढंच. ओळ आधी ती म्हणते, आणि मग आपली नेत्रा तिच्यामागून. छान शिकवलंय हो तिने."

"आई, लाइनवर पडसाद येतो अधूनमधून. कार्डाचा फोन आहे..."

"पडसाद आधी येतो होय रे, खुळ्या?" आई हसली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "थांब, थांब. बोलू नकोस. पुन्हा म्हणतेय बघ."

गुणवंतने वळून पाहिलं. नेत्रा समोर बसून दूध पीत होती. कप तोंडाला लावलेला, खोलीत चिडीचूप.

"अजून कोण गं जागं राहिलं," फोनमधून आई त्या आवाजाबरोबर पुटपुटत होती, "येऊन जा निजून..."

नेत्राने कप खाली ठेवला, ओठांवरचं दूध पुसलं, आणि तीच ओळ म्हणायला लागली.