साठ कोटी वर्षांचं पोरगं

नागपुरात सक्करदऱ्याच्या रस्त्यावर आडव्या आलेल्या म्हशीला वाचवताना दामिनीची स्कूटी घसरली, आणि अर्ध्या तासानं ती जवळच्या छोट्या दवाखान्यात, एक्स-रेच्या टेबलावर उजवं मनगट टेकवून बसली होती.

"हात थोडा सरळ, मॅडम," एक्स-रे काढणारा म्हणाला. त्यानं तिची बोटं इतक्या हळुवारपणे सरळ केली, की क्षणभर ती दुखणं विसरली. खिशावर नाव होतं — कुशल.

"मी बी एक्स-रेचंच काम करते," ती काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली.

"कोणत्या दवाखान्यात?"

"विद्यापीठात. ताऱ्यांचे एक्स-रे."

तो मशीनमागून डोकावला. "त्यायचे बी हाडं मोडते का?"

ती हसली. पण सहा आठवड्यांचं प्लॅस्टर ऐकल्यावर मात्र तिचे डोळे भरून आले. दीड महिन्यात प्रबंध द्यायचा होता, तिनं सांगून टाकलं. डाव्या हातानं लिहिणार किती?

कुशल घुटमळला. "माही ड्युटी चारले संपते. मी... टाइप करून देऊ का?"

दुसऱ्या दिवसापासून तो पाच वाजता येऊ लागला. दामिनी मूळची उमरेडची. नागपुरात यमुआत्याकडे राहायची. आत्या अंगणात भाजी निवडायची आणि ओसरीवर ही दोघं. दामिनी सांगायची, तो टाइप करायचा. सूर्याचं चुंबकत्व अकरा वर्षांत वाढतं-ओसरतं, त्याबरोबर त्याचे एक्स-रेही. तिचा तारा सूर्यासारखाच, पण वयानं लहान आणि गरगर फिरणारा. त्याचं हे चक्र दीड वर्षाचंच असावं, असं तिचं म्हणणं होतं.

"लहान म्हणजे किती?"

"साठ कोटी वर्षांचा."

"आणि त्याले पोरगं म्हणता?"

"सूर्य साडेचारशे कोटींचा आहे... स्पेलिंग चुकलं तुमचं."

"तुमी इतक्या जवळ वाकून सांगता," तो स्क्रीनकडेच पाहत म्हणाला, "मंग चुकनच न."

दामिनी सरळ बसली. कान मात्र तापले होते.

पाचव्या आठवड्यात त्यानं आलेखावर बोट ठेवलं. "हा एकच ठिपका एवढा वर काहून?"

तिनं स्क्रीनवरून नजर काढली. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी ताऱ्यावर स्फोट झाला असन. काही तासांचा."

"मंग हा चक्रातला नाही."

"काढला, तर चक्र नीट दिसत नाही. याच्यावरच जर्मनीत काम भेटून राहिलं मले."

"पेशंट हलला, तर आमी ती फिल्म धरत नाही," तो म्हणाला. "परत काढतो."

"तुमी फक्त टाइप करा."

त्यानं लॅपटॉप अलगद मिटला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही.

दामिनीनं तीन दिवस त्याच्यावर राग धरला, आणि चौथ्या दिवशी डाव्या हातानं तो ठिपका काढून टाकला. चक्र फिकट उरलं. 'चक्र असण्याची शक्यता आहे. आणखी दोन वर्षं निरीक्षण हवं,' एवढंच तिनं एकेक अक्षर दाबत लिहिलं. तेच जर्मनीला कळवल्यावर उत्तर आलं — मग दोन वर्षांनीच या.

प्लॅस्टर निघालं. तपासणीचा एक्स-रे काढायला कुशलच होता.

"जुळलं हाड," तो म्हणाला.

"ठिपका काढला मी. जर्मनी लांबली दोन वर्षं."

"वाईट झालं... माह्यामुळं."

"खरं होतं ते लिहिलं. तुमच्यामुळं नाही." तिनं खाली पाहिलं. "पाच वाजले का रोज वाट पाहून राहिली होती मी."

"मी बी रोज फाटकापर्यंत येऊन वापस गेलो."

"आत काहून नाही आले?"

तो मशीनची बटणं उगाच पुसू लागला.

"तू म्हटलं होतं न वं, फक्त टाइप करा," तो म्हणाला. "मले... फक्त टाइप नव्हतं करायचं."

बाहेरून पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला. दामिनी उठली, दारापाशी थांबली.

"उद्यापासून परत ये गा," ती म्हणाली. "आत्याले आजच सांगून ठेवतो आपण, टाइप करायले नाही, कायले येऊन राहिला तू ते. ड्युटी संपली का चल माह्यासंगं."